मनुकांवर जगलेल्या माश्या

ती. आईस,
सा. न.

परवा फोनवर तू म्हणालीस, "एका माशीपायी इतकी वर्षं घालवायची? फवारणी केली की झालं!" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

फवारणी हवीच. पण बिहारमध्ये काळा आजार पसरवणारी ही माशी डीडीटीला दाद देईनाशी झाली आणि औषध बदलावं लागलं. तिच्या अळ्या पाण्यात नसतात, त्यामुळे डबकी बुजवूनही भागत नाही. गोठ्यातल्या ओलसर मातीत, भेगांत त्या वाढतात आणि शोधूनही सापडत नाहीत. आपल्याकडची माशी मातीतली, तरी नाव मात्र सँडफ्लाय, वाळूमाशी! जेमतेम 3 मिलिमीटरची, अंगभर लव, बसली तरी पंख उभारलेले. चावते फक्त मादी. आणि उपचार मिळाले नाहीत तर काळा आजार बहुतेकांचा जीव घेतो.

माझा दिवस या माद्यांमागेच जातो. पातळ पडद्यातून कोमट रक्त पाजायचं, कापसाचा बोळा साखरपाण्यात भिजवून ठेवायचा, अळ्यांच्या भांड्यात बुरशी धरली नाही ना ते बघायचं. मग सुईच्या टोकाने एकेकीचं पोट उघडायचं. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा लीशमॅनिया, म्हणजे काळ्या आजाराचे परजीवी, दिसले तेव्हा मी कितीतरी वेळ खुर्चीवरून उठलेच नाही. लांबट जीव, अंगाला एक तंतू. तो मागून ढकलत नाही, पुढे राहून त्यांना ओढत नेतो. काही जण घशाच्या झडपेला घट्ट चिकटलेले. तिथे ते चिकट गर सोडतात आणि माशीचा घसा तुंबतो. तिला रक्त नीट ओढता येत नाही, ती पुन्हा पुन्हा चावते आणि तो गर परजीवींसकट आपल्या कातडीत ओकते. पुढे ज्या पेशींनी त्यांना गिळून संपवायचं, त्यांच्याच पोटात ते वाढतात.

लीशमन आणि डोनोव्हन यांनी 1903 साली या परजीवीचं वर्णन केलं. 1924 मध्ये तो माशीच्या पोटात वाढताना दिसला, पण चाव्यातून आजार होतो हे काही केल्या सिद्ध होईना. दुसऱ्यांदा रक्त पिऊन माश्या मरूनच जायच्या. शेवटी त्यांना रक्ताऐवजी मनुका देऊन पाहिल्या. माश्या जगल्या आणि परजीवींनी त्यांचे घसे भरून गेले. 1942 साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशाच माश्या स्वयंसेवकांना चावू दिल्या आणि त्यांना काळा आजार झाला. आई, माशी एरवीही झाडांचा गोड रस पिते. ते लक्षात येऊन चाव्याचा पुरावा मिळायला 18 वर्षं गेली. आणि आपला हात पुढे करणारी ती माणसं! साखरेचा बोळा ठेवताना मला रोज त्यांची आठवण येते.

ते परजीवी झडपेला नेमके कसे चिकटून राहतात, ते आता आम्ही शोधतोय. ती पकड सुटली तर माशी चावली तरी आजार पसरणं अवघड होईल. फवारणीच्या जोडीला मला हे हवं आहे.

उद्या पहाटे नव्या माद्या कोशातून बाहेर पडतील, त्यांना साखरपाणी द्यायला लवकर जायचंय. बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
सुमा