अण्णा, त्या बाकावर बसून राहिल्याबद्दल

सप्रेम नमस्कार अण्णा,

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "चल, पुरे" म्हणता आणि विषय बदलता. रिटायर झालात त्या दिवशी हारसुद्धा गळ्यात राहू दिला नाहीत, काढून गेटवरच्या वॉचमनच्या टेबलावर ठेवलात. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय, म्हणजे मधेच थांबवता येणार नाही. दुसरं कारण, आपल्याकडे कामाला लागणाऱ्या पोरांना मशीन कशी चालवायची ते शिकवतात, पण पर्सोनेलच्या, म्हणजे कामगारांच्या नेमणुका-कारवाया बघणाऱ्या खात्याच्या, केबिनमध्ये बोलावणं आलं तर काय करायचं, हे कोणी सांगत नाही. मलाही माहीत नव्हतं, आणि माझी तेव्हा अकरा वर्षं नोकरी झाली होती.

२०१७ सालचा पावसाळा. तिसरी पाळी सुटायला दहा मिनिटं होती आणि सुपरवायझर म्हणाला, "पर्सोनेलला जाऊन ये, दोन मिनिटांचं काम आहे." ग्राहकाकडून बुशचा (धातूच्या पोकळ नळ्यांचा) लॉट परत आल्याची कुजबुज रात्रभर चालू होती. बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठं निघालं होतं, आणि त्या लॉटच्या मापांच्या रिपोर्टवर सही माझी होती.

टाइम ऑफिसपाशी तुम्ही, आपल्या युनियनचे अण्णा, हजेरीचं कार्ड पंच करत होतात. मी घाबरून काहीबाही सांगितलं. तुम्ही कार्ड खिशात घातलंत आणि एकच विचारलंत, "यात तुला शिक्षा होईल असं वाटतंय का?" मी हो म्हणालो. "मग खोटं बोलू नकोस. पण त्यांनी टाइप केलेल्या कागदावर सही करू नकोस. खुलासा लेखी देतो, वेळ द्या, एवढंच म्हण. दहा वेळा विचारलं तरी तेच." आणि माझ्यासोबत चालू लागलात. पहिल्या पाळीला तुमचा उशीर लागणार होता, तो लागलाच.

केबिनच्या दारात त्यांनी तुम्हाला अडवलं. "तुमचं इथे काय काम?" मला वाटलं, आता अण्णा आवाज चढवणार. पण तुम्ही शांतपणे म्हणालात, "ही प्राथमिक चौकशी आहे, इथे बसायचा कायद्याने मला हक्क नाही, हे मला माहीत आहे. तो घाबरलाय, म्हणून विनंती करतोय." त्यांनी नाही म्हटलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलात. खरं सांगतो, त्या क्षणी तुमचा राग आला. वर्गणी घेताना बरे येतात, असंही मनात येऊन गेलं.

आत तिघं होते: पर्सोनेल मॅनेजर, प्रॉडक्शनचे साहेब आणि सिक्युरिटी ऑफिसर. कागद तयार होता. चहा पण मागवला होता माझ्यासाठी. कागदावर लिहिलं होतं की मी जाणूनबुजून खोटी मापे भरली, त्यामुळे कंपनीचे नुकसान झाले, मला याचा पश्चात्ताप होत आहे. "सही कर, वॉर्निंग देऊन मिटवून टाकू. घरी जाऊन झोप." आठ तास उभं राहून डोळे चुरचुरत होते आणि त्या वेळी झोप या शब्दाला काहीही विकलं असतं मी. पेन हातात होतं. शिवाय त्यातलं निम्मं खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

काचेला अर्ध्यावर पट्टी चिकटवलेली होती. तिच्याखालून तुमचे सेफ्टी शूज दिसत होते, डाव्याची नाडी सुटलेली. तुम्ही उठून गेला असतात तर मी सही केली असती, अण्णा, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. मी ते वाक्य बोललो. आवाज फाटला. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा बोललो. "कोणी शिकवून पाठवलंय?" तरी तेच. पाऊण तासाने मी सही न करता बाहेर आलो, आणि तुम्ही विचारलंत, "चहा प्यायलास का तरी?"

निम्मं खरं काय होतं, ते इथे लिहायला आता मला लाज नाही. त्या रात्री दोन तासांची मापं मी न घेता भरली होती, आधीच्या आकड्यांवरून. पण का भरली? बोअर गेज (भोक मोजायचं साधन) कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, गेलं होतं, बदली गेज मिळालं नव्हतं, आणि "मशीन थांबवू नको" असा तोंडी हुकूम होता. यातलं कागदावर एक अक्षर नव्हतं. "जाणूनबुजून" हा शब्द मात्र होता. आपला कबुलीजबाब दुसऱ्याने लिहिला की त्यात आपली चूक तेवढी येते, तिची कारणं येत नाहीत.

दोन दिवसांनी आरोपपत्र आलं, सोबत निलंबन. अप्रामाणिकपणा, जाणूनबुजून नुकसान, कामात हयगय, असे तीन आरोप. बायको आरोपपत्र वाचून रात्रभर बोलली नाही. तुम्ही घरी आलात, तिच्यासमोर बसून ओळ न् ओळ समजावून सांगितलीत. पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळेल, नंतर उशीर आपल्यामुळे होत नसेल तर ७५ टक्के, हेही तुम्हीच सांगितलंत. कंपनीने ९० दिवसांनंतरही निम्माच चालू ठेवला, तेव्हा पत्र तुम्ही लिहिलंत. तुमचं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून टाइप करायला मला नेट कॅफेत पाठवलंत, ते वेगळं.

कायद्याचं मला तुमच्याकडून जे कळलं, ते थोडक्यात लिहितो, चुकलं तर कान धरा. चौकशीत युनियनचा माणूस सोबत असणं हा कामगाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही; १९६० साली टाटा लोकोमोटिव्हच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट म्हटलं. स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांत, तरतूद असेल तर मिळतो. आपल्या महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत ती तेव्हा होती: आपल्याच खात्यातला सहकारी किंवा आपल्या युनियनचा पदाधिकारी बचाव करू शकत होता. आणि १९७१ चा आपला जो कामगार संघांच्या मान्यतेचा कायदा आहे, त्याच्या कलम २२ प्रमाणे मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदासाठी चौकशीत उभं राहता येतं. आपली युनियन छोटी, मान्यता दुसऱ्यांकडे. पहिल्याच तारखेला त्यावरून तुम्हाला बाहेर काढायला निघाले, तेव्हा तुम्ही पिशवीतून ती कोपरे दुमडलेली पुस्तिका काढलीत आणि चौकशी अधिकाऱ्यांना म्हणालात, "साहेब, चष्मा विसरलोय, एवढं कलम जरा मोठ्याने वाचता का?" त्यांनी वाचलं. चष्मा तुमच्या खिशातच होता.

त्याच दिवशी दुसरा प्रश्न. कंपनीच्या बाजूने वकिलीची पदवी घेतलेले अधिकारी बसले होते. तुम्ही रोजकामात (चौकशीच्या त्या दिवसाच्या लेखी नोंदीत) लिहून घेतलंत की मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात १९८२ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, मालकाच्या बाजूने कायद्याचा जाणकार असेल तर कामगाराला वकील नाकारणं न्यायाला धरून नाही. पुढच्या तारखेला त्या खुर्चीवर दुसरे साहेब होते. दहावीनंतर आयटीआय केलेला टर्नर हे बोलतोय, हे मी बाजूला बसून बघत होतो.

उलटतपासणीत तुम्ही सुपरवायझरला फार काही विचारलं नाहीत. मला वाटलं होतं, झोडपून काढाल. "गेज त्या रात्री कुठे होतं?" "खात्यातच असणार." मग टूल क्रिबच्या, म्हणजे हत्यारं-गेज ठेवायच्या खोलीच्या, रजिस्टरची झेरॉक्स पुढे. "गेज कॅलिब्रेशनला गेल्याची ही नोंद कोणाच्या अक्षरातली?" बराच वेळ पंख्याचा आवाज. "माझ्या." तुम्ही बसलात. मी हळूच म्हणालो, अजून विचारा ना, आता सापडलाय. तुम्ही कानात पुटपुटलात, "त्याला पण पोरं आहेत. मिळालं तेवढं बस." या एका गोष्टीवर माझं तुमच्याशी अजून पटलेलं नाही, पण असो.

सात महिन्यांनी निकाल लागला. अप्रामाणिकपणा सिद्ध नाही, जाणूनबुजून नुकसान सिद्ध नाही. हयगय सिद्ध, चार दिवसांचं निलंबन. ते चार दिवस मला रास्त वाटले. त्या सही न केलेल्या कागदावर सही असती, तर रजिस्टर, गेज, कलम २२ कशाचाच उपयोग नव्हता. "कामगाराने स्वतः कबूल केले आहे" या एका वाक्यात सगळं आटोपलं असतं. हक्क मिळतो तो आरोपपत्रानंतर, आणि माणूस बुडतो तो आरोपपत्राच्या आधी, केबिनमध्ये. मधल्या जागेत कायदा नव्हता, तुम्ही होतात.

तुम्हीच एकदा सांगितलं होतंत की अमेरिकेत ही मधली जागाही कायद्यात आहे. टेक्सासमधल्या वाइनगार्टन नावाच्या दुकानांतल्या एका कामगार बाईला चोरीच्या संशयावरून आत बसवून विचारपूस केली, तिने युनियनचा माणूस मागितला, दिला नाही. १९७५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शिक्षेची रास्त भीती असेल तर युनियनच्या कामगाराला असा माणूस मागता येतो. पण मागावा लागतो, मालक स्वतःहून देत नाही. आपल्याकडे २०२५ च्या नोव्हेंबरात नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. निलंबन असेल तर ९० दिवसांत चौकशी संपवा असं तिच्यात आहे, ते चांगलंच. माझे सात महिने गेले. पण स्थायी आदेशांचं प्रकरण आता ३०० किंवा जास्त कामगार असतील तिथेच लागू. आपल्या पट्ट्यातल्या किती शॉपमध्ये ३०० माणसं आहेत, ते तुम्हाला सांगायला नको.

एक हिशेब राहिलाय. झेरॉक्सचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. फाइल माझ्याकडे आहे, परवा मोजली: रोजकाम, रजिस्टर, पत्रं धरून ३१२ पानं. येत्या रविवारी येतोय, पैसे घेऊन. नाही म्हणालात तर वहिनींच्या हातात देईन, त्या घेतील. आणि ती पुस्तिका पण तयार ठेवा, आमच्या शॉपमधल्या एका पोराला सोमवारी बोलावलंय.

तुमचा,
तिसऱ्या पाळीतला