जीजे-०६ ची थार घेण्याआधी

दांडिया बाजार, वडोदरा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या जुन्या थारचे फोटो पोचले. लाल रंग तुझ्या आईलाही आवडला. आजी एवढ्या उंच गाडीत चढणार कशी, हा तिचा प्रश्न मात्र तूच निस्तर. मला रंगाआधी नंबर प्लेट दिसली. जीजे-०६. म्हणजे इंदूरच्या डीलरकडे उभी असलेली ही गाडी आमच्या गावची.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तू इथे नव्हतीस. अकोटा, समा, कारेलीबाग, सगळीकडे पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात. मगरींचे व्हिडिओ गावभर फिरले; पाणी ओसरल्यावर ओढून नेलेल्या गाड्यांकडे कोण बघतो! अशी गाडी धुऊनपुसून विकायची तर शहाणा माणूस ती गावाबाहेरच विकणार. ही त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही. पण नाही याची खात्री पटेपर्यंत टोकन देऊ नकोस.

पंचाईत अशी, की ऑफरोड गाडीत चिखल सापडला तर विकणारा हसून म्हणेल, "मॅडम, चोरल लेके गए थे." म्हणजे इंदूरजवळच्या चोरलच्या कच्च्या वाटांवर. ते खरंही असेल. ६५० मिमी पाण्यातून ही थार जाते असं कंपनीच सांगते, आणि आतलं पाणी सोडायला फ्लोअरला बुचंही दिली आहेत. तेव्हा चिखल आहे का, यापेक्षा तो कुठे आहे ते बघ. चाकांच्या वर, चासिसच्या खाचांत असला तर असू दे. सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून काढ. गुंडाळीतला तो भाग धुवायचं कुणाला सुचत नाही, गाळाची रेघ तिथे हमखास उरते. सीटचे रूळ, डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेत का? फ्यूज बॉक्स उघडून बघ, कनेक्टरवर हिरवट पूड धरली असेल तर तिथून सरळ घरी ये. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बस, खरा वास वर येतो.

मेकॅनिक आपला ने, डीलरचा नको. त्याला पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं (वळणावर चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) तेल बघायला सांग. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. गाडी लिफ्टवर घेतली की खाली ओरखडे दिसतील, त्याला घाबरू नकोस. ज्या ऑफरोड गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग फासलाय, तिची मला जास्त भीती वाटते. त्या रंगाखाली चासिसला वेल्डिंग आहे का ते बघायचं.

फोर-बाय-फोरची परीक्षा डांबरावर घेऊ नकोस. या गाडीला मधला डिफरन्शियल नाही. कोरड्या रस्त्यावर ४एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, टाकून वळवलं की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण गिअरवर येतो. मातीचं मैदान गाठ. ४एच टाकून स्टिअरिंग पूर्ण वळव. गाडी अडखळत, ब्रेक लावल्यासारखी चालली तर पुढची चाकं खरंच ओढताहेत. मग थांबून, न्यूट्रल करून ४एल, म्हणजे त्याचाच हळू पण जोरदार गिअर, टाक. दांडा हलतच नसेल तर मालकाने तो बहुधा कधी वापरलेलाच नाही. टायर चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. त्यांच्यावरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाच: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

इंजिन थंड असताना सुरू करायचं. तू पोचेपर्यंत बॉनेट गरम असेल तर का, ते विचार.

आता विमा. पुराची खूण मला लोखंडापेक्षा कागदावर शोधायला आवडते. गाडी २०२१ ची, मालक एकच असं तो सांगतोय ना? ओळीने चार वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, ४५ टक्के होतो. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, त्यानंतर २०. २०२४ च्या आधीची आणि नंतरची, दोन्ही पॉलिसी माग. बोनस मध्येच शून्यावर आला असेल तर कशाचा क्लेम होता, ते त्याला सांगावंच लागेल.

आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असेल तर बँकेचं ना-हरकत आणि ते नाव काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे पुरे देऊ नकोस. वडोदरा आरटीओची एनओसी कोण काढणार, हेही ठरवून घे. तू गाडी इंदूरलाच ठेवणार, म्हणजे बारा महिन्यांच्या आत एमपीचा नंबर घ्यावा लागेल आणि तिथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागेल. किंमत ठरवताना डीलर त्याचं नाव काढणार नाही. तूच काढ, आणि तेवढे पैसे कमी करायला लाव.

दोन्ही पॉलिसींचे फोटो आजच मागव आणि मला व्हॉट्सॲपवर टाक. ते आले की मग शनिवारी गाडी बघायला जायचं की नाही ते ठरवू.

तुझे,
बाबा