आई, सुमनकाकूंकडे जाऊन ये

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबांनी फोनवर सांगितलं, बिल्डरचं पत्र आलंय आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करायची आहेत. पाठोपाठ नव्या इमारतीचं वर्णनही ऐकलं: लिफ्ट, हक्काचं पार्किंग, वाढीव जागा, चोवीस तास पाणी. मला मनापासून आनंद झाला. बाबांचा गुडघा आणि ते तीन मजले, या काळजीने मला इथे अमेरिकेत झोप लागत नाही. पण आई, तू मागे बसून फक्त "बघू" म्हणालीस. सुमनकाकूंचं विचारलं तर म्हणालीस, "हल्ली जाणं होत नाही तिच्याकडे. तीही येत नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. समोरासमोरची ती दोन दारं माझ्या जन्माच्याही आधीपासून दिवसभर उघडी असायची. आणि आता निघायची वेळ आली तशी तुम्ही दोघी एकमेकींना टाळताय. भांडण झालेलं नाही, हे मला माहीत आहे. समोर आलात तर रडू फुटेल, म्हणून टाळताय. फोनवर हे बोलले असते तर तू "काहीतरीच तुझं" म्हणून विषय बदलला असतास. म्हणून पत्र.

मी कॉलेजात असताना रात्री 'फ्रेंड्स' ही इंग्रजी मालिका लावायचे, आठवतं? तू ओटा आवरता आवरता विचारायचीस, ही मुलं कामावर जातात तरी कधी? त्या मालिकेतल्या दोन मैत्रिणींवर अगदी तुमच्यासारखीच वेळ आली होती. त्यांचं तुला सांगायचंय, कारण अशा वेळी एकमेकींना धीर कसा द्यावा हे मला त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही.

मालिका अमेरिकेत १९९४ ते २००४ चालली, एकूण २३६ भाग. न्यूयॉर्कमधले सहा मित्रमैत्रिणी आणि एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरं. एकात मोनिका आणि रेचेल, दुसऱ्यात चँडलर आणि जोई. येताना कुणी बेल वाजवत नाही, थेट आत. आपला मजलाच म्हण ना. पहिल्याच भागात रेचेल स्वतःचं लग्न टाकून, अंगावर लग्नाचा पांढरा पोशाख तसाच ठेवून, कॉफीच्या दुकानात येऊन धडकते. शाळेतली मैत्रीण म्हणून मोनिका तिला घरी ठेवून घेते. रेचेलने तोवर स्वतः एक पैसा कमावलेला नसतो, वडिलांच्या क्रेडिट कार्डांवर सगळं चाललेलं. ती कार्डं ती मित्रमैत्रिणींसमोर बसून कापून टाकते. तिथून त्या दोघींचं एकत्र राहणं सुरू होतं.

मग येतो नोव्हेंबर १९९९मधला एक भाग. मोनिका आणि चँडलर यांचं जमलंय, त्याने तिच्याकडे राहायला यायचं ठरलंय, म्हणजे रेचेलला खोली सोडावी लागणार. शेवटची रात्र. रेचेलने एकही वस्तू खोक्यात भरलेली नाही. मोनिका टापटिपीची, ती आवराआवरीत गुंतलेली आणि अगदी शांत. नेमकं तेच रेचेलला लागतं. इतकी वर्षं एका घरात काढली आणि हिला काहीच वाटत नाही?

त्यांची तिसरी मैत्रीण फीबी मध्ये पडते. ती आधी जो उपाय करते तो आपण सगळेच करतो. ती म्हणते, एकत्र राहण्यातल्या न आवडणाऱ्या गोष्टी आठवा, म्हणजे निघताना जड जाणार नाही. झालं, दोघींचं कडाक्याचं भांडण जुंपतं. बाबा, रागावू नका, पण "जिन्यात ओल आहे, टाकी गळते, प्लास्टर पडतंय, कशाला जीव अडकवायचा" हे तुम्ही आईला जे सांगता ना, ते फीबीच्या या पहिल्या उपायातलं आहे. तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. इमारत धोक्याची झालीय आणि समितीच्या बैठकांना बसून तुम्ही हे काम तडीस नेलंत, याचा मला फार अभिमान वाटतो. पण आईचा जीव प्लास्टरमध्ये अडकलेलाच नाही.

फीबीचा दुसरा उपाय मात्र लागू पडतो. मोनिकाला ती विचारते, रेचेल गेल्यावर तुला कशाची उणीव भासेल? मोनिका आधी बिचकत, मग एकेक सांगायला लागते. वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये मला आवडेलसं काही दिसलं की ही त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवते. मी अंघोळीला गेले की आरशावर माझ्यासाठी दोन शब्द लिहून ठेवते. वाचता वाचता सोफ्यावर झोप लागली तर अंगावर पांघरूण घालते. आणि चँडलर इथे राहायला येणार हे मी सांगितलं तेव्हा किती समजुतीने वागली, मला किती सोपं करून दिलं. इथवर येते आणि मोनिका कोसळते. तू आता जाणार आणि मला एका पुरुषाबरोबर राहावं लागणार, असं म्हणत रडायलाच लागते. रेचेलही रडते. एकमेकींच्या गळ्यात पडतात.

आई, यात बघ काय आहे. मोनिकाचं काहीच हिरावलं जात नाहीये. जिवाभावाचा माणूस घरी येतोय, तिला हवं तेच घडतंय. तरी तिला भीती वाटते, आणि रेचेलपेक्षा जास्तच वाटते, म्हणून तर ती दिवसभर आवरत बसलेली असते. लिफ्ट हवीशी वाटणं आणि हे घर सुटणार म्हणून पोटात गोळा येणं, दोन्ही एकाच माणसाला एकाच दिवशी होऊ शकतं. तुला "बघू"च्या मागे लपायची गरज नाही.

आणखी एक. त्या रात्री कुणी कुणाला "सगळं नीट होईल" म्हणत नाही. काही सुटतही नाही. सामान भरावं लागतंच, रेचेल फीबीकडे राहायला जातेच. पण जे जाणार आहे ते नाव घेऊन बोललं गेलं आणि समोरचीने ते ऐकलं. मला वाटतं, धीर यातूनच येतो. नुकसान एकटीने मोजणं आणि ज्या व्यक्तीमुळे ते नुकसान वाटतं तिच्याबरोबरच बसून मोजणं यात फार फरक आहे.

तुझी यादी मला थोडीफार माहीत आहे. आपली किल्ली काकूंच्या देव्हाऱ्याखालच्या खणात असते. एकादशीला त्या तुझ्यासाठी खिचडी वेगळी काढतात, दाण्याचं कूट कमी घालून. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तू त्यांना आठवड्याच्या सुया ओवून देतेस. आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा पहाटे तीनला त्या येऊन बसायच्या आणि तुला झोपायला पाठवायच्या. दुपारी चहानंतर शब्दकोडं, आडवे शब्द त्यांचे, उभे तुझे. हे सगळं तू त्यांना कधी सांगितलं आहेस? मला नाही वाटत. आपल्याकडे शेजारणीला असं सांगायची पद्धतच नाही, वाटीभर भाजी पाठवली की सांगून झालं.

काकू बांधकाम होईपर्यंत बदलापूरला मुलीकडे जाणार, तुम्ही डोंबिवली पश्चिमेला भाड्याने. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय. काकूंनी सत्तरी ओलांडलीय, तूही फार लांब नाहीस. परत त्याच मजल्यावर, समोरासमोर, दोघीही येऊ का, हा प्रश्न तुम्हा दोघींच्याही घशात अडकलाय असं मला वाटतं. मी त्याला उत्तर देणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही आणि खोटा धीर तुला नकोच असतो. पण काकूंसमोर तो प्रश्न मोठ्याने विचारलास तर दोघींचं ओझं हलकं होईल, एवढं मला पक्कं वाटतं.

त्या मालिकेतला आणखी एक प्रसंग मला फार आवडतो, २००१ सालचा. मोनिकाच्या लग्नाच्या दिवशी रेचेलला संशय येतो की आपल्याला दिवस गेलेत. लग्न झालेलं नाही, पुढचं काहीच ठरलेलं नाही. ती चाचणी करते, पण निकाल पाहायचं धाडस होत नाही, म्हणून फीबी पाहते आणि सांगते, नाही, काही नाही. सुटले, असं रेचेल म्हणते खरी, पण तिचे डोळे भरून येतात. जे आपलं कधी नव्हतंच त्याचं इतकं वाईट का वाटावं, हे तिलाच कळत नाही. मग फीबी खरं सांगते: निकाल 'हो' आहे, आता निदान तुला कळलं की तुला काय हवंय. सल्ला नाही, उपदेश नाही. मैत्रिणीच्या मनात काय आहे ते तिचं तिलाच दिसू दिलं. जोखमीचंच होतं ते, पण मैत्रिणीला आतून ओळखणारीच असं करू शकते.

म्हणून तू आणि काकू एकमेकींना एक प्रश्न विचारा. उद्या बिल्डरने माघार घेतली, आहे तिथेच राहायचं असं कळलं, तर पहिलं काय वाटेल? सुटल्यासारखं वाटलं तर तसं बोला. आणि मनात कुठेतरी चुकचुकलं, लिफ्टचं आणि नव्या स्वयंपाकघराचं स्वप्न गेलं म्हणून वाईट वाटलं, तर तेही बोला. त्यात जुन्या घराशी बेइमानी नाही.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही भाड्यासाठी माझ्याकडून काही घेणार नाही, हे मी जाणते. रेचेल खोली सोडते त्या भागात, त्याच रात्री, समोरच्या घरात चँडलर आणि जोई असतात. चँडलर गेल्यावर जोईला एकट्याने भाडं भरणं जड जाणार, पण तो स्वाभिमानी, मदत नको म्हणतो. मग चँडलर पत्त्यांचा एक खेळ जागच्या जागी रचतो, त्याला कसलेच धड नियम नाहीत, आणि मुद्दाम हरत जातो, म्हणजे जोईकडे पैसे जातील. किती जपून केलेलं प्रेम आहे हे! मी तुमच्याशी खेळ रचणार नाही, सरळ विचारते: बिल्डर देतो ते भाडं आणि स्टेशनजवळच्या घराचं भाडं यातला फरक मला भरू द्या. तळमजल्याचं किंवा लिफ्ट असलेलं घर मिळावं, एवढाच माझा हट्ट आहे.

आणि तुमचे अण्णाकाका. ते तळेगावला मुलाकडे जातायत, परत येणार नाहीत, हे तुम्ही बोलण्याच्या ओघात एका वाक्यात सांगून टाकलंत. कॅरम भंगारात देऊ, तेही त्याच वाक्यात. चँडलर आणि जोईकडे टेबलावर खेळायच्या फुटबॉलचं एक टेबल होतं. जेवणाचं टेबल मोडलं तेव्हा त्याच्या जागी आणलेलं, पुढे नऊ वर्षं दोघांची मैत्री त्याच्याभोवती. मे २००४मधल्या शेवटच्या भागात ते फोडायची वेळ येते, कारण जोईने चँडलरला नव्या घरासाठी आणलेलं कोंबडीचं आणि बदकाचं पिल्लू त्यात अडकून बसतं. दोघांनाही ते फोडवत नाही. शेवटी मोनिका पुढे होते आणि हातोडा घालते. तो भाग अमेरिकेत सव्वापाच कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. शेवटी सहाही जण रिकाम्या घरात उभे राहतात आणि आपापली किल्ली ओट्यावर ठेवून कॉफी प्यायला निघतात. कुणी घाईघाईने निघून जात नाही, सगळे एकत्र निघतात.

त्या मालिकेत बाहेरून दिसणारी इमारत इथे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात, बेडफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे. माझ्या जर्सी सिटीहून 'पाथ' या लोकल गाडीने ख्रिस्टोफर स्ट्रीटला उतरलं की थोड्या चालीवर. आतलं घर तिथे कधीच नव्हतं, ते कॅलिफोर्नियात बरबँकच्या स्टुडिओत उभारलेलं होतं. फोटो काढायला येणाऱ्या कितीतरी जणांना ते माहीत असतं, तरी लोक येतात, वर खिडकीकडे बघत उभे राहतात. आपल्या घराच्या बाबतीत मला तसं नको आहे. जिन्याचे, दोन्ही दारांचे, काकूंच्या ओट्यावरून दिसणाऱ्या आपल्या खिडकीचे फोटो आत्ताच काढून ठेवा, माणसांसकट. शेजारच्या मयूरला सांगा, तो काढून देईल.

आई, बदलापूरला जायला गाड्या भरपूर आहेत, दुपारच्या वेळी बसायलाही मिळतं. आठवड्यातला एक वार आत्ताच ठरवा, निघायच्या आधी. बुधवार म्हण, गुरुवार म्हण, पण वार ठरलेला असू दे. "येऊ कधीतरी" वर सोडू नका. काकूंना व्हिडिओ कॉल जमत नाही म्हणतात, तर त्यांच्या लेकीला मी स्वतः फोन करून सगळं लावून द्यायला सांगते. शब्दकोडं फोनवरही सोडवता येतं.

मी डिसेंबरच्या शेवटी येतेय, तिकीट काढलंय. खोकी भरायला हाताशी असेन, माळ्यावरचं मी आल्याशिवाय काढू नका. बाबा, तुम्ही तर मुळीच स्टुलावर चढू नका.

आणि कॅरम भंगारात द्यायच्या आधी अण्णाकाकांना विचारा, त्यांना तळेगावला न्यायचाय का. ते नको म्हणाले तर फ्रेमसकट बाहेरून किती इंच भरतो ते मोजून मला कळवा, भाड्याच्या घरात पलंगाखाली सरकेल असा पलंगच बघू.

तुमची,
मृणाल