पालकाची सही

मा. संपादक, स.न.वि.वि.

निकालाचे दिवस आले की आई-वडिलांमागे भावंडांना सांभाळून शिकलेल्या एखाद्या मुलीची बातमी हमखास येते. ‘लहान वयात आई झाली’ असा काहीसा मथळा असतो. वाचून ऊर भरून येतो आणि विषय तिथंच मिटतो. मी 28 वर्षं एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. मला त्या मथळ्याची धास्तीच वाटते.

नववीतली एक मुलगी परीक्षेचा फॉर्म घेऊन आली. पालकाच्या सहीतलं शेवटचं अक्षर दोनदा गिरवलेलं. कुणाची सही म्हणून विचारलं, तर ‘बाबांची’. “मग बाबांनाच घेऊन ये,” मी म्हणाले. नियम तसाच होता. त्यानंतर आठ दिवस ती शाळेकडे फिरकली नाही. शेवटी मीच घरी गेले. दाराबाहेर पुरुषाच्या चपला दिसल्या, तेव्हा जरा हायसं वाटलं. आत ती, धाकटा भाऊ आणि तापानं फणफणलेली बहीण. आई आधीच गेलेली, वडिलांना जाऊन वर्ष होत आलेलं. चपला ती रोज बाहेर काढून ठेवायची आणि त्यांची जागा बदलायची. एकाच जागी राहिल्या तर लोकांना कळतं, हे तिनं मला अगदी गणित सोडवून दाखवावं तसं समजावलं.

कुणाला सांगितलं का नाहीस? “तिघांना तीन ठिकाणी ठेवतील.” एवढंच. धाकटीला पाळी आली तेव्हा काय सांगायचं तेही तिला ठाऊक नव्हतं, कारण तिला स्वतःलाच कुणी काही सांगितलं नव्हतं. घरात कुणी आजारी पडलं की शाळा बुडायची ती मात्र हिचीच.

तिची भीती खुळी म्हणता येत नाही. पण मुलांना उचलून नेणं किंवा वाऱ्यावर सोडणं, असे दोनच मार्ग आहेत का? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 2009 साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. भावंडांना एकत्र राहायचं असेल आणि थोरलं तयार व समर्थ असेल तर त्यांना त्याच घरात आधार द्यावा, सोबत जबाबदार प्रौढ नेमावा, असं त्यांत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या 2005 च्या बालक कायद्यात अशा घराला रीतसर मान्यता मिळू शकते. घर चालवणारं मूल 16 वर्षांहून मोठं हवं. अनुदानाच्या पैशांचा हिशेब नेमलेल्या मोठ्या माणसानं द्यायचा, रोजचे निर्णय मुलानं घ्यायचे आणि त्याला विचारल्यावाचून त्या मोठ्यानं घराबाबत काही ठरवायचं नाही. हे कलम वाचलं तेव्हा मला त्या चपला आठवल्या.

त्या दिवशी फॉर्मवर मीच सही केली. नियमात बसत नव्हतं, वरिष्ठांची बोलणीही खाल्ली.

अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा बातमीदाराला तिच्या टक्क्यांबरोबर एवढंही विचारून यायला सांगा : हिच्या फॉर्मवर सही कोण करतं?

आपली,
एक निवृत्त शाळा लिपिक