ग्रिल कापायला शनिवारी माणूस येतो आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. बेडरूमच्या खिडकीचं ग्रिल कापायला शनिवारी सकाळी दहाला फॅब्रिकेशनवाला येईल. पैसे देऊन झाले आहेत. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. रागावू नका नं. त्या चोरीनंतर ते ग्रिल तुम्ही उन्हात उभं राहून बसवून घेतलं होतं, हे मी विसरलेली नाही. ग्रिल निघणार नाही. त्यातच दोन फूट रुंद, तीन फूट उंच एवढा भाग बिजागऱ्यांवर बाहेर उघडेल. कडी आतून राहील आणि तिच्याभोवती पत्र्याची पेटी वेल्ड होईल, म्हणजे बाहेरून गजांतून हात घातला तरी कडीपर्यंत पोचणार नाही. कुलूप नकोच. लावल्याशिवाय झोप येत नसेल तर किल्ली खिडकीशेजारच्या खिळ्यालाच टांगा, कपाटात नाही. महिन्यातून एकदा झडप उघडून बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडा. रंगारी आला की तो रंगानेच ती चिकटवून ठेवतो, तेव्हाही बघा.

एवढा खटाटोप कशाला, ते सांगते. आपल्या घराला दार एकच, आणि त्याची वाट स्वयंपाकघरासमोरून. आग तिथे लागली तर बेडरूममधून बाहेर पडायला जागाच नाही. घरातल्या आगीत ज्वाळा पोचायच्या आधी धूर पोचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. म्हणून धुराचा अलार्म कुरिअरने पाठवला आहे. तो पॅसेजच्या छताला, बेडरूमच्या दाराबाहेर लावायचा. स्वयंपाकघरात नको, फोडणीला वाजेल आणि मग आई त्याची बॅटरी काढून ठेवेल. बाबा रात्री कानाचं मशीन काढतात, तेव्हा आई, तो वाजला की यांना हलवून उठवायचं तू.

त्रिमूर्तीनगरचं अग्निशमन केंद्र जवळ आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असता. ते लोक येतील, जीव तोडून येतील. पण आपल्या खिडकीखाली त्यांना काय करावं लागेल ते बघा. दुसऱ्या मजल्यासाठी पस्तीस फुटी शिडी लागते, ती उचलायला चार माणसं. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या साधारण पाव अंतरावर टेकला तरच ती नीट उभी राहते, म्हणजे खिडकीखाली सहा-सात फूट मोकळी जमीन हवी. तिथे आज दोन स्कूटर, तुळशीच्या कुंड्या आणि कुणाचा तरी जुना सोफा आहे. वर पोचल्यावर अखंड ग्रिल असलं तर जड कटर शिडीवरून पेलत एकेक गज कापायचा. आतली कडी दोन सेकंदांत सरकते. माझा सगळा हिशेब एवढाच आहे, बाबा.

पाण्याचंही तसंच. मोठ्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. एका पाइपातून मिनिटाला चारशे-पाचशे लिटर गेलं तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. तेवढ्यात दुसरी गाडी तरी यायला हवी, नाहीतर आपल्याच खालच्या टाकीतून पाणी ओढायला हवं. त्या टाकीच्या झाकणावर कार उभी असते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे तुम्हीच मांडा, तुमचं ऐकतात. जिन्यातली चपलांची कपाटं आणि चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरही काढायला सांगा. लिथियमची बॅटरी एकदा पेटली की आतूनच तापत राहते, विझली असं वाटून पुन्हा पेटते, आणि तिचा सगळा धूर जिन्यानेच वर चढतो.

१०१ लावताना पत्ता घाईत सांगू नका. आधी प्रतापनगर, मग गल्ली, ओळखीची खूण, मजला, काय पेटलं, आत कुणी आहे का. समोरच्याने फोन ठेवेपर्यंत तुम्ही ठेवायचा नाही. एकाने कोपऱ्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवायची. बाहेर पडल्यावर पाकीट, पासबुक, देवाची मूर्ती, कशासाठीही परत आत जायचं नाही. आई, हे मी तुझ्यासाठी लिहिलं आहे.

आई, आता तुझं. होळी झाली, म्हणजे कूलर उतरवला असेल. खस नवीन टाकून घे. लहानपणी त्या पहिल्या ओल्या वासात आपण तिघं एका गादीवर झोपायचो, उन्हाळा म्हटलं की मला अजून तेच आठवतं. पण पाणी भरताना आधी बटन बंद, मग प्लग बाहेर, मग पाइप. ओल्या हाताने, अनवाणी, चालू कूलरच्या पत्र्याला हात लावायचा नाही. शनिवारीच दुपारी इलेक्ट्रिशियन येईल. तो अर्थिंग तपासेल आणि तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट गळला तरी वीज तोडणारं बटन, बसवेल. घरात एमसीबी आहे हे मला माहीत आहे, बाबा. तारा तापायला लागल्या की तो पडतो. माणसाचा जीव घेणारा करंट त्याच्या मानाने इतका थोडा असतो की एमसीबीला पत्ताही लागत नाही. फ्रिज आणि कूलर एकाच एक्स्टेन्शनवर असतील तर आजच वेगळे करा. आणि रात्री वाऱ्यासाठी बेडरूमचं दार उघडं टाकू नका. कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागतेच, ती खिडकीतून द्या. बंद दार धुराला बराच वेळ अडवून धरतं.

शेगडीची नळी पाच वर्षांची झाली असेल तर बदलून घे, तिच्यावर साल छापलेलं असतं, बघ. गॅसचा वास आला तर कुठलंच बटन चालू करायचं नाही, बंदही नाही, एक्झॉस्टही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साठतो. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही. ते तेलाच्या तळाशी जातं, एका झटक्यात वाफ होते आणि पेटतं तेल अंगावर उडतं. गॅस बंद, ताट झाक, ते हलवू नको. तुझी समई पितळी परातीत ठेव, परातीत थोडं पाणी घाल, पडद्यापासून हातभर लांब. देवाजवळची समई बंद कर असं मी कधी म्हणणार नाही. पण संध्याकाळी सिंथेटिक साडी नेसून तिच्याजवळ वाकू नको. सुतीच नेस, पदर खोचून.

१४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह आहे. १९४४ साली १४ एप्रिललाच मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले जवान गेले, त्यांच्या आठवणीचा तो आठवडा. प्रात्यक्षिकं होतात तेव्हा दोघंही जा, आणि तो आग विझवायचा लाल सिलिंडर एकदा तरी हातात धरा. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा. अर्ध्या मिनिटाच्याही आत तो संपतो, म्हणून पाठ दाराकडे ठेवूनच उभं राहायचं.

मे महिन्यात येणं जमत नाही. तुम्ही काही म्हणणार नाही, म्हणूनच जास्त लागतं. बाबा, शनिवारी फॅब्रिकेशनवाल्याला चहा द्या आणि तो जाण्याआधी झडप स्वतः तीनदा उघडून बघा. आईलाही एकदा उघडायला लावा. तिच्या मनगटाला जड गेली तर कडी बदलून द्यायचं मी त्याला आधीच सांगून ठेवलं आहे. झालं की मला फोन करा.

तुमची,
मनी