ओरडणे आणि मोठा दिवा हा उपाय नव्हे

महोदय,

घरातल्या ज्येष्ठांना कमी ऐकू येऊ लागले की बाकीचे आवाज चढवतात आणि कमी दिसू लागले की छताला जास्त वॉटचा दिवा लावतात. तळमळ खरी असते, पण दोन्ही उपाय बरेचदा उलटे पडतात.

उतारवयातल्या बहिरेपणात बारीक, वरच्या पट्टीचे ध्वनी आधी जातात. स्वर ऐकू येतात. स, फ, त, क निसटतात. 'पाट' आणि 'ताट' कानावर सारखेच पडतात. ओरडल्याने स्वरच फुगतात, व्यंजने त्याखाली दबतात, ओठांची ठेवणही बिघडते. त्यापेक्षा टीव्ही बंद करावा, हात-दोन हातांवर समोर बसावे, आधी हाक मारावी आणि नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोलावे. 'गोळी घेतली का?' हे कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता 'जेवणानंतरचं औषध झालं का?' असे विचारावे. खिडकीकडे पाठ करून बसू नये. आपला चेहरा अंधारात जातो. कमी ऐकणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो. त्याची नजरही अधू असेल, तर चेहऱ्यावरचा उजेड म्हणजे अर्धे ऐकणेच.

कानाचे मशीन 'चालत नाही' म्हणून कपाटात जाते, तेव्हा बहुधा टोकाला मळ अडकलेला असतो. शिट्टी वाजत असेल तर कानात घालायचा साचा नीट बसलेला नसतो किंवा कानात मळ असतो. मशीनमधला छोटा झिंक-एअर सेल हवेवर चालतो: चिकटपट्टी काढून मिनिट-दोन मिनिटे तसाच ठेवावा, मग बसवावा. पट्टी काढली की तो न वापरताही उतरू लागतो. पुन्हा चिकटवून फारसा फायदा नाही. रात्री सेलचे दार उघडे ठेवून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. सवय शांत घरात, रोज थोडा वेळ वाढवत करावी. पहिल्याच दिवशी गर्दीच्या समारंभात घालून नेले, तर ते पुन्हा कानाला लागणे कठीण.

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर तरुणपणीच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. तरीही छताचा प्रखर दिवा नुसता डोळे दिपवतो. टेबल लॅम्प चांगल्या डोळ्याच्या बाजूने, दिवा नजरेला दिसणार नाही असा, कागदाजवळ आणावा. अंतर निम्मे केले की उजेड जवळपास चौपट होतो. भिंगाचेही तसेच. १० डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचे माप) भिंग कागदापासून साधारण १० सेंटिमीटरवर धरायचे असते आणि डोळा भिंगाजवळ न्यायचा असतो. लोक ते हातभर लांब धरतात आणि निरुपयोगी ठरवतात.

जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसेल अशा रंगाची पट्टी हवी, फक्त पहिलीला नव्हे. शेगडीच्या बटणावर 'बंद'च्या जागी उंचवट्याचा ठिपका चिकटवावा. सकाळच्या औषधाच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन. बाटली संपली की रबरबँड आधी नव्या बाटलीवर चढवावेत, मगच जुनी टाकावी.

– अधू नजरेच्या व कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांसाठी काम करणारी एक कार्यकर्ती