चौथं नाव

किंग्जपोर्ट, टेनेसी
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुध्या,

तुझ्या पत्राला सात महिने झाले आणि मी उत्तर दिलं नाही. फोनवर बोलतोच की, असं तू म्हणशील. पण फोनवर आपण बोलतो ते कुणाचा बायपास झाला आणि कुणाच्या मुलाचं कुठं जमलं, एवढंच. माझं बी.पी. ताब्यात आहे, गुडघा जिन्यावर दुखतो, बाकी ठीक. पुढे.

काल एक गोष्ट घडली, आणि ती समजेल असा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, तो डोंबिवलीत आहे. मीनलला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अहो, लायब्ररीतला कार्यक्रम होता, कोर्टात साक्ष नव्हती." बरोबर आहे तिचं. पण ती माटुंग्याच्या हॉस्टेलला नव्हती.

इथल्या लायब्ररीनं संध्याकाळी एक कार्यक्रम ठेवला होता. विषय : कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या, संगीतातला सर्वांत थोर बँड कोणता? तीन वक्ते, प्रत्येकी वीस मिनिटं, मग प्रश्न. एका निवृत्त संगीतशिक्षकांनी अलाबामा घेतला, फिडल वाजवणाऱ्या एका मुलीनं द चिक्स, आणि मी कार्टर फॅमिली. अलाबामाची बाजू मांडायला तू हवा होतास रे. मास्तरांनी मुद्दे तुझेच मांडले, जवळजवळ तुझ्याच क्रमानं. फक्त ते टेबलावर मूठ आपटत नव्हते आणि मध्येच माझ्या ताटातला पापड उचलत नव्हते.

अलाबामा म्हणजे फोर्ट पेन गावातले रँडी ओवेन, टेडी जेंट्री आणि जेफ कुक, तिघं नात्यातले. १९७३ पासून मर्टल बीचच्या 'द बावरी' नावाच्या बारमध्ये लोक टाकतील त्या टिपांवर उन्हाळेच्या उन्हाळे वाजवत राहिले. १९८० मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं घेतलं आणि १९८२, ८३, ८४ अशी सलग तीन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' त्यांनाच. मास्तर म्हणाले, यांच्याआधी नॅशव्हिलला, कंट्रीच्या त्या पंढरीला, एक चेहरा लागायचा, एक टोपी आणि एक गिटार; बाकीचे मागे अंधारात उभे. एकत्र वाजवणाऱ्या पोरांना सगळ्यांत पुढे उभं राहता येतं, हे अलाबामानं दाखवलं. खरं सांगतो, हा मुद्दा इतकी वर्षं तुझ्या तोंडून ऐकून मी उडवून लावला. काल तो मला पटला. मग सलग एकवीस नंबर एक गाण्यांची गोष्ट निघाली आणि मला पाटणकरची खोली आठवली. मध्ये ते ख्रिसमसचं गाणं आलं म्हणजे साखळी तुटली असं मी म्हणायचो, आणि तू म्हणायचास की सणाचं गाणं मोजत नाहीत, गणपतीत आरती म्हटली म्हणून गवयाची मैफल मोडत नाही. त्यावर रात्री दोनपर्यंत भांडण, आणि पाटणकर उशी डोक्यावर घेऊन आपल्या दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय.

माझा जुना आक्षेप तुला पाठ आहे : अलाबामाच्या रेकॉर्डवर बरंचसं वादन स्टुडिओतल्या वादकांचं असायचं, मग त्यांना बँड म्हणायचं कशाला? त्यावर तुझं उत्तर, "लताबाईंच्या मागे व्हायोलिन कोण वाजवतं हे विचारून तू रडायचं थांबतोस का?" काल माझ्या भाषणात मी तो आक्षेप पुन्हा मांडला. दोन मिनिटं घालवली त्यावर. ही दोन मिनिटं लक्षात ठेव.

बाकी वेळ मी मनापासून बोललो. १ ऑगस्ट १९२७. ए.पी. कार्टर भावाची गाडी मागून घेतो आणि व्हर्जिनियातल्या पुअर व्हॅलीतून ब्रिस्टलला निघतो. गाडीत बायको सारा, अंगावर पिणारं मूल, आणि भावाची बायको मेबेल, अठरा वर्षांची, पोट पुढे आलेलं. सारा आणि मेबेल मुळात चुलत-मावस नात्यातल्या, मग जावा झालेल्या. राल्फ पीअर हा व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा माणूस स्टेट स्ट्रीटवर टोप्यांच्या कंपनीच्या जुन्या जागेत यंत्र मांडून बसलाय. दोन दिवसांत सहा गाणी, गाण्याला पन्नास डॉलर. त्याच आठवड्यात तिथंच जिमी रॉजर्सनंही पहिलं रेकॉर्डिंग केलं. तो रस्ता माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, सुध्या. रस्त्याची एक बाजू टेनेसीत, दुसरी व्हर्जिनियात. आता तिथं संग्रहालय आहे आणि तू आलास की पहिल्या दिवशी तिथंच नेणार, आधी नायगरा-बियगरा काही नाही.

मेबेलच्या अंगठ्याबद्दल तर मी पाच मिनिटं बोललो. अंगठ्यानं जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटांनी बारीक तारांवर ठेका धरायचा. एक बाई एकाच गिटारीवर गायकाला साथही करते आणि स्वतःही गाते. त्याआधी गिटार मागे बसून झण् झण् करणारं वाद्य होतं. कंट्रीतच काय, त्याबाहेरही पुढे जे गिटार वाजलं त्यात हा अंगठा आहे. तू त्यांना 'भजनी मंडळ' म्हणायचास. भजनी मंडळच आहे ते. घरातली तीन माणसं, एक ऑटोहार्प (बटणं दाबून तारा छेडायचं वाद्य), एक गिटार, आणि ए.पी. तर मनात आलं तेव्हा गायचा, नाहीतर खिडकीशी जाऊन उभा राहायचा. त्याचं आणि साराचं लग्न मोडलं, १९३६ मध्ये घटस्फोट झाला, तरी पुढे कित्येक वर्षं तिघं एका मायक्रोफोनपुढे उभे राहिले. १९७० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला गट हाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो आणि खूश होतो.

मग दुसऱ्या रांगेतल्या एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई उठल्या. आवाज शांत, अगदी आपल्या कुलकर्णी मॅडमसारखा. म्हणाल्या, "तुम्ही तीन नावं घेतलीत. लेस्ली रिडल याच गावात वाढला. त्याचं नाव आलं नाही."

सुध्या, मला ते नाव माहीत होतं.

नुसतं माहीत नव्हतं, लिहिलेलं होतं. माझ्या कागदावर पूर्ण परिच्छेद होता. घरी घड्याळ लावून वाचलं तेव्हा बावीस मिनिटं झाली, म्हणून मी तो काढला. आणि अलाबामाला टोमणा मारणारी दोन मिनिटं ठेवली.

तुला रिडल माहीत नसेल, म्हणून सांगतो. जन्म नॉर्थ कॅरोलिनातला, वाढला इथं, किंग्जपोर्टला. सिमेंटच्या कारखान्यात अपघात होऊन एक पाय गेला. बंदुकीच्या अपघातात उजव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्या बोटांनी त्यानं गिटार अशी बसवली की ऐकणारा थांबायचा. १९२८ मध्ये ए.पी. त्याला इथंच भेटला. त्यानंतर हे दोघं डोंगरातल्या वस्त्यांवर गाणी गोळा करत हिंडायचे. एक गोरा, एक काळा, आणि काळ असा की दोघांना एका टेबलावर जेवायला मिळण्याची मारामार. कुणी म्हातारी चुलीपाशी बसून गाणं सांगायची, ए.पी. शब्द उतरवून घ्यायचा आणि चाल रिडल डोक्यात ठेवायचा. घरी आल्यावर तो ती सारा-मेबेलला शिकवायचा. म्हणजे तो त्यांचा टेपरेकॉर्डर होता असं लोक लिहितात, आणि मला हा शब्द सहन होत नाही. चाल लक्षात ठेवणारा माणूस ती स्वतःच्या गळ्यातून आणि बोटांतून काढून ठेवतो. 'कॅननबॉल' तर त्याच्याकडूनच आलं. मात्र एक गोष्ट मी कुणालाही सोडू देणार नाही : अंगठा मेबेलचाच. १९२७ च्या रेकॉर्डवर तो स्पष्ट ऐकू येतो, आणि तेव्हा रिडल भेटायचा होता. बोटांनी तारा छेडण्याची पुढची रीत तिनं त्याच्याकडून उचलली. पण रेकॉर्डच्या लेबलावर नाव ए.पी.चं. रिडल पुढे न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला निघून गेला. १९६५ मध्ये लोकगीतं जमवणाऱ्या माइक सीगरनं त्याला शोधून काढलं, तेही मेबेलनं त्याचं नाव सांगितलं म्हणून. तिनं सांगितलं. मी तिच्या अंगठ्यावर पाच मिनिटं बोललो आणि तिनं घेतलेलं नाव घेतलं नाही.

त्या बाईंना मी म्हणालो, "हो, खरं आहे, वेळ कमी होता." त्यांनी मान हलवली आणि बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन बॉब विल्स आणि त्याचा बँड, टेक्सास प्लेबॉइज, लावला. तुझ्या नानाकाकांची हवाईयन गिटार आणि टेक्सास प्लेबॉइजमधली लिऑन मकॉलिफची स्टील गिटार ही एकाच घरची भावंडं, हे तूच मला पहिल्यांदा ऐकवलंस. आधी व्हॅन शिप्लेनं गिटारवर वाजवलेली हिंदी गाणी, लगेच हे. तेव्हा विल्स मधेमधे ओरडतो याचा मला राग यायचा. चांगलं वादन चाललंय आणि हा कशाला किंचाळतो! काल ऐकताना कळलं की तो नावं घेतोय. आता लिऑन, आता अमुक, आता तमुक. ज्याची पाळी त्याचं नाव, रेकॉर्डवर, कायमचं. मालकाचं नाव बँडच्या आधी असलेल्या त्या माणसानं एकेका वादकाला असं पुढे काढलं. १९४४ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर ड्रम चालत नसताना तो ड्रमवाल्याला घेऊनच उभा राहिला. थोर बँडची माझी व्याख्या इतकी वर्षं एवढीच होती की एक माणूस काढला तर आवाज मोडला पाहिजे. ती अजून सोडत नाही. पण त्या व्याख्येनं कार्टर फॅमिली तीन माणसांची राहतच नाही, कारण चौथा काढला तर कित्येक गाणी जातात.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते. नव्वदचं गॅदरिंग.

तू ओळखलं असशील. मेसचे मामा कणीक मळताना गुणगुणायचे ती चाल. संगमेश्वरकडच्या त्यांच्या गावच्या भजनातली. तू ती पेटीवर बसवलीस, मी शब्द लिहिले, पहिला नंबर आला, आणि माइकवरून जाहीर झालं, "शब्द आणि चाल : विनायक." तू विंगेतून मला म्हणालास, "जाऊन सांग, चाल मामांची आहे." मी म्हणालो, "भजनाची चाल कुणाची असते? सगळ्यांचीच." तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. बाकीच्यांना वाटलं, अलाबामावरून फाटलं. त्या रात्री मेसमध्ये पेढे वाटले ते मामांनीच वाटले, आणि माझ्या ताटात दोन ठेवून म्हणाले, "गाणं झ्याक झालं हो." त्यांनी स्वतःची चाल ओळखली नसेल असं मी पस्तीस वर्षं स्वतःला सांगत आलो. शक्य आहे का ते, सुध्या? रोज पहाटे म्हणणाऱ्या माणसाला?

सगळ्यांचीच असते हे ए.पी.नंही मनात धरलं असणार. आणि एवढी नावं कुठं लिहीत बसायची, हेही मी म्हणू शकत नाही. आपल्या पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव त्यांनी नोंदवून ठेवलं. ओव्यांवर कुणाचीच मालकी नव्हती, तरी ठेवलं. लाख ओव्यांना जमलं, मला एका चालीला जमलं नाही.

तर कार्टर फॅमिलीच सर्वांत थोर, हे मी मागे घेत नाही. चिक्स मला फार आवडतात, त्यांच्यातल्या दोघी बहिणी फिडल आणि बॅन्जो स्वतः वाजवतात, आणि २००३ मध्ये रेडिओवाल्यांनी त्यांची गाणी बंद केली तरी मागे हटल्या नाहीत. बेकर्सफील्डच्या बक ओवेन्सच्या बँडबद्दल, बकारूजबद्दल, तर कुणी तोंडच उघडलं नाही, तो वेगळा अन्याय. पण वरचं नाव कार्टरच, चार माणसांचं. लायब्ररीला भाषण लेखी द्यायचं आहे, शुक्रवारपर्यंत. काढलेला परिच्छेद आत घेतलाय, तुझ्या अलाबामावरची दोन मिनिटं उडवली. त्या बाईंचा पत्ता लायब्ररीकडून मिळाला तर त्यांना स्वतः नेऊन देईन.

ऋतुजाच्या ॲडमिशनचं कळव. काकूंच्या मोतीबिंदूचं झालं का? वहिनींना म्हणावं, लसणाची चटणी पोचली आणि चार दिवसांत संपली. नवीन ब्लॉक चांगलाच असणार, फोटो पाहिले, गॅलरी मोठी आहे.

आणि एक काम कर. मामांचं आडनाव काय होतं? मी रात्रभर आठवतोय. आपण सगळे 'मामा' म्हणायचो, चार वर्षं त्यांच्या हातचं जेवलो. पाटील मेस सेक्रेटरी होता, पगाराच्या रजिस्टरवर तो सही घ्यायचा, त्याला विचार. तो हल्ली नाशिकला आहे ना? नसेल आठवत तर गावाचं नाव तरी. संगमेश्वरला मी डिसेंबरात येतोय, तू बरोबर चल. त्या गावातलं भजन मंडळ अजून बसत असेल तर चाल ओळखेल. पेटी तू आण.

तुझा
विन्या

ता. क. सलग एकवीस. ख्रिसमसचं गाणं धरायचं नाही. मान्य.